क्रौंच सोडताना

देशातून नाहीसे झालेले क्रौंच पुन्हा पाणथळींवर आणायचे, असं राष्ट्रीय उद्दिष्ट होतं. त्यातला पहिला पक्षी आज तळ्याकाठी सोडायचा होता. अंड्यातून बाहेर आल्यापासून त्याला भरवणाऱ्या ताईंचा जीव टांगणीला लागला होता.

पिंजरा उघडला. क्रौंच थोडा पुढे गेला, वळला आणि थेट ताईंच्या पायाशी येऊन उभा राहिला.

"लेकराला आई सोडवेना हो!" सोहळ्याला जमलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी दगड उचलून त्याच्या अंगावर भिरकावला. क्रौंच किंचाळत उडाला.

"ही कसली गं आई!" गर्दीत कुणीतरी बोललंच.

प्रकल्पाच्या पशुवैद्य डॉक्टरांनी हात जोडले. "देवाची कृपा, ताई. माणसाला घाबरला, आता शिकाऱ्याच्या हाती लागायचा नाही."

ताईंची नजर आभाळावरून हलेना.

"डॉक्टर, तो फक्त मलाच घाबरला असेल तर?"