चुना फासलेली काच

बाहत्तरच्या उन्हाळ्यात सिद्धारामने मागच्या नव्या खोलीला उजेडासाठी काचेचं छत घातलं. पण ऊन आणि शेजारच्या माडीवरच्या नजरा थेट आत उतरू लागल्या, म्हणून त्याने काचेला वरून चुना फासला.

तरी दुपारी तान्ह्याच्या पाळण्याच्या बरोबर वर तळहाताएवढी काच पुसलेली दिसली. सिद्धारामच्या बायकोने, गिरिजाने, पाळणा कोपऱ्यात सरकवला. दुसऱ्या दिवशी काच तिथेही पुसलेली.

"वांदरं असतील की," सिद्धाराम हसला.

"अहो, वांदरं पाळणा हुडकत येत्यात व्हय?"

तिने बाळाला माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीत नेलं, दाराला कडी घातली. मातीच्या त्या जाड छताला साधी फटही नव्हती.

तरी मांडीवरच्या बाळाच्या तोंडावर तसाच तळहाताएवढा कवडसा पडला. बाळ वर बघून हसलं आणि उचलून घे म्हणून त्याने दोन्ही हात वर केले.