पलीकडचे दोन हात

फिटरने पलीकडच्या दोन्ही बटणांत लाकडी पाचरी ठोकल्या आणि नणंदेने आपले हात मागे घेतले.

"चालू करा," मॅनेजर म्हणाला.

पत्रा दाबायचं ते मशीन दोघींचं होतं. अलीकडे दोन बटणं, पलीकडे दोन. चारही एकदम दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली यायचा, म्हणजे चारही हात बाहेर आहेत याची खात्री. अलीकडे नणंद उभी राहायची, पलीकडे तिची भावजय. आज सकाळी कंपनीने प्रत्येक मशीनवरची एक बाई कमी केली होती; इथली भावजय. आता पलीकडून पत्रा ओढायला चार मशीनांत मिळून एक रोजंदार फिरणार होता. त्याच्यासाठी मशीन खोळंबू नये, म्हणून पाचरी; पलीकडची बटणं कायमची दाबलेली.

निदान या मशीनवर आरडाओरडा होणार नाही, असं मॅनेजर धरून चालला होता. या दोघींमध्ये विस्तव जात नाही, हे कारखानाभर माहीत होतं. नणंदेच्या म्हाताऱ्या आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून वाजलं ते वाजलं. नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या नणंदेने त्याच घरात वेगळी चूल मांडली. तेव्हापासून घरात अबोला, बसमध्ये अबोला, मशीनवरही अबोला. पत्रा सरकवायचा, मान वर करायची, समोरचीच्या डोळ्यांत बघायचं आणि दाबायचं.

"बाई, तुमच्या मनासारखंच झालं की," मॅनेजरने आवाज खाली आणला. "नाहीतरी तुमचं तिच्याशी पटत नव्हतं."

"नाहीच पटत."

"मग?"

"ते आमचं घरातलं आहे. याचा हात आत असताना मी दाबलं तर?" तिने रोजंदाराकडे बोट केलं. तो तिसऱ्या मशीनवरून धापा टाकत येत होता.

"बघून दाबायचं."

"ठोकळ्याआडून पलीकडचे हात दिसत नाहीत, साहेब. पाचरी काढा."

मॅनेजरने वरच्या मजल्यावरच्या काचेकडे पाहिलं. काचेमागे कोणीतरी उभं होतं.

"हुकूम वरून आलाय. मी नाही ऐकला तर उद्या माझ्या खुर्चीत दुसरा बसेल, आणि तोही हेच सांगेल."

"मग त्याला सांगू दे. तुम्ही कशाला सांगता?"

फिटरला हसू फुटलं. त्याने घाईघाईने हातोडी पुसायला घेतली. मॅनेजरचा चेहरा लाल झाला.

"दाबायचं नसेल तर तुम्हीही निघा. माणसं हवी तेवढी मिळतात."

पगार थांबला की वेगळी चूलही विझणार होती. ज्या ताटाकडे तिने पाठ फिरवली होती, त्याच ताटावर तिला जाऊन बसावं लागणार होतं. ते तिला मॅनेजरने सांगायची गरज नव्हती. तिने ॲप्रन सोडला, त्याची घडी घातली आणि पलीकडे जाऊन ती पाचरींवर ठेवली. मग ती दाराकडे चालू लागली.

शेजारचं मशीन एकदा आदळलं. पुन्हा आदळलं नाही. मग त्याच्या पलीकडचं थांबलं.

भावजय फाटकाजवळच्या बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी होती, कागदपत्रं होईपर्यंत तिला तिथेच थांबायला सांगितलं होतं. नणंद येताना दिसली, तशी तिने सवयीने तोंड फिरवलं.

नणंद तिच्यासमोर येऊन उभी राहिली. मागे शेडमधून मशीनचा आवाज येत नव्हता. चपलांचा येत होता. तिने वळून पाहिलं नाही.

"वहिनी, सरक जरा," ती म्हणाली. "सगळ्याजणी येतायत."