हिरवी वायर

नवरोबा स्टुलावर उभे. दातात स्क्रूड्रायव्हर, कानावर पेन्सिल. पेन्सिलीचं काय काम होतं कुणास ठाऊक, पण व्हिडिओतल्या माणसाच्या कानावर होती.

हॉलचा बोर्ड उघडा पडला होता. त्यात तीन स्मार्ट रिले बसवायचे होते, काड्यापेटीएवढे. एकदा बसले की दिवे-पंखे मोबाइलवरून. प्रत्येकाला एक लाल वायर लागते, वीज यायला, आणि एक काळी, ती परत जायला. लाल होत्या. काळी औषधालाही नव्हती.

बायकोनं फोन पुढे धरला. "दादा आहे. बोला."

तिचा दादा वायरमन. वीस वर्षं हेच काम.

"दाजी, बोर्डात काळी आहे ना?"

मेहुण्यापुढे 'नाही' म्हणणं नवरोबांच्या रक्तात नव्हतं.

"आहे की. दोन आहेत."

"दोन? मजा आहे तुमची. लोकांना एक मिळत नाही. फक्त हिरवीला हात लावू नका हां. अर्थिंगची असते ती. फ्रीज, गिझर, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या पत्र्याला जोडलेली, आणि तुमच्या घरात जमिनीत धड उतरलेलीही नाही."

"तू मला शिकव आता," म्हणून नवरोबांनी फोन कट केला.

मग त्यांनी बोर्डात डोकावून पाहिलं. हिरवी होती. छान, जाडजूड, मोकळी. कुणी विचारतच नव्हतं बिचारीला.

तिन्ही रिले तिलाच जोडले.

मेन चालू केला. टप्. शॉकपासून वाचवणारा ट्रिपर पडला. वर केला. टप्.

"पडतोय म्हणजे काहीतरी चुकलंय ना?" बायको म्हणाली.

"तोच नाटकी आहे. कुणी शिंकलं तरी पडतो."

पाच मिनिटांत ट्रिपर काढून टेबलावर ठेवला आणि वायरी सरळ जोडून टाकल्या. पडायला कुणी उरलंच नाही.

मोबाइलवर बोट टेकवलं. दिवा लागला. पुन्हा टेकवलं. विझला. नवरोबांची छाती एवढी फुगली की स्टूल डगमगलं.

"अहो," बाथरूममधून आवाज आला, "मशीनला हात लावला की मुंग्या येतायत."

"मग चपला घालून लाव."

"चपला आहेत म्हणून मुंग्यांवर भागतंय. दादाला विचारू?"

"विचार. म्हणजे जन्मभर ऐकवेल मला."

बायको मशीनमधून निघाले तेवढे कपडे घेऊन चपला फटफटवत गच्चीवर गेली.

"राहिलेले मी काढते गं," म्हणत नवरोबांची आई आतल्या खोलीतून आली. आत्ताच पाय धुतलेले, फरशीवर ओले ठसे. बाथरूमची फरशी तर तळंच. ती अनवाणी आत शिरली.

नवरोबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मेहुण्यासाठी व्हिडिओ काढत होते. एका हातात बायकोचा जुना मोबाइल, दुसऱ्या हातात स्वतःचा.

"बघ रे वायरमन. एका बोटात. हा लागला... हा विझला... हा पंखा..."

बाथरूममध्ये बादली कलंडली. मग पाठोपाठ काहीतरी जड.

"आई, जरा हळू," नवरोबा दिव्यावरची नजर न काढता म्हणाले. "आवाज येतोय व्हिडिओत."