कंबर एकतीस

"बाबा, वही सापडली का?" मुलीने फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

मापांची वही हरवली नव्हतीच. शिंप्याच्या समोर, शिवणयंत्रावर, ती मिटून पडली होती. रविवार असल्यामुळे दुकानाचं शटर अर्धंच वर होतं आणि खालून आत आलेल्या उन्हात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत होते.

"शोधतोय," तो म्हणाला.

मुलगी दूरच्या शहरात राहायची. आई गेल्यापासून ती दर रविवारी न चुकता फोन करायची, आणि फोन एकाच विषयावर चालायचा. महामारीच्या काळात कॅन्सरने किती माणसं गेली त्याचे आलेख ती कुठून कुठून शोधून काढायची आणि रेघ कुठे वर चढली ते बापाला समजावून सांगायची. लस आली आणि रेघ चढली. आईला लस दिली आणि दोन महिन्यांत कॅन्सर निघाला. आणखी काय पाहिजे? शिंप्याला त्या रेघांतलं ओ की ठो कळायचं नाही. पण तासभर कोणीतरी आपल्याशी बोलतंय म्हणून तो हूं हूं करत राहायचा. बाकीचे सहा दिवस त्याच्याशी बोलायला गिऱ्हाइकंच होती, आणि ती 'कधी मिळेल?' याच्या पुढे जायची नाहीत.

आता मुलीने आईच्या मृत्यूच्या चौकशीसाठी अर्ज तयार केला होता. कचेरीतल्या बाईंनी एवढंच विचारलं होतं, की लस घेण्याआधी आई ठणठणीत होती, असं दाखवणारं काही लेखी आहे का? आई तर दवाखान्याची पायरीही न चढणारी. तेव्हा मुलीला ही वही आठवली. नवी वही आणली की शिंपी पहिलं पान बायकोचं ठेवायचा. दर वर्षी थंडीच्या आधी तिच्या तपकिरी कोटासाठी माप घ्यायचा आणि इतर गिऱ्हाइकांसारखंच तारखेसकट लिहून ठेवायचा.

"सापडली," तो शेवटी म्हणाला आणि त्याने पान उघडलं. खरं तर उघडायची गरज नव्हती. गिऱ्हाइकाचं नाव तो विसरायचा, माप नाही.

"लशीच्या आधीचं वाचा. मग पानाचा फोटो पाठवा."

लस एप्रिलमधली. त्याआधीची नोंद ऑक्टोबरची होती. कंबर एकतीस. त्याच्या वर, आदल्या वर्षीची, चौतीस, त्याच्याही वर चौतीस.

तो ऑक्टोबर त्याला लख्ख आठवत होता. महामारीची भीती होती, दुकानही जवळपास बंदच होतं. ती आरशासमोर कोट घालून उभी राहिली आणि म्हणाली, "बघा ना, किती सैल झालाय. एकदा दाखवून येऊ या का?"

"आत्ता दवाखान्यात धडधाकट माणूस गेलं तरी आजार घेऊन परत येईल," तो म्हणाला होता. "हे सगळं निवळू दे, मग जाऊ." वर गंमतही केली होती. "घरात बसून लोक फुगलेत, तूच एकटी शहाणी." ती हसली होती. मग त्याने कोट उसवला, दोन्ही बाजूंच्या शिलाया आत घेतल्या, इस्त्री फिरवली. काम इतकं सफाईदार झालं की ती वाळली आहे हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. मुलीला तर फोनवर आईचा चेहराच तेवढा दिसायचा.

मापं पेन्सिलीने लिहिलेली होती. माणसं बदलतात, म्हणून त्याची तशी पद्धतच होती. खोडरबर यंत्राच्या खणात होतं. एकतीसचे चौतीस करायला असा कितीसा वेळ लागणार? मुलीचं म्हणणं खरं ठरेल, अर्ज पुढे जाईल, आणखी वर्षभर तरी रविवारची ददात नाही. शिंप्याने खण उघडलासुद्धा.

"बाबा? ऐकताय ना?"

"कंबर एकतीस," तो म्हणाला.

"आणि त्याच्या आधी?"

"चौतीस." मग तो थांबला नाही. "लशीच्या सहा महिने आधीच ती तीन इंच उतरली होती, पोरी. मला टेपवर दिसलं होतं. ती दाखवून येऊ म्हणाली. मीच थांब म्हटलं."

 मुलीने फोन ठेवला, असं त्याला वाटलं. ठेवला तर ठेवला, तिचं चुकलं नाही, असंही वाटलं, आणि त्याच वेळी येणारे सगळे रिकामे रविवार डोळ्यांपुढे आले.

"मलाही विचारलं होतं तिने." मुलीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी म्हटलं, बाबा म्हणतात ते बरोबर आहे. आत्ता नको जाऊस."

शटरखालून कोणाचे तरी पाय घाईने गेले.

"मग अर्जाचं काय करायचं?" त्याने विचारलं.

"राहू दे आता." ती म्हणाली. "बाबा, पण मग पुढच्या रविवारी आपण काय बोलायचं?"

 बायकोचा तपकिरी कोट समोरच्या हँगरला होता. त्याने तो काढून मांडीवर घेतला, उलटा केला आणि बाजूच्या शिलाईवरून बोट फिरवलं.

"तीन इंच कापड आत तसंच आहे," तो म्हणाला. "मी कापलं नव्हतं. तुझी आई परत अंगाने भरेल म्हणून."