निळ्या मादीची शीळ

बाळंतिणींच्या वॉर्डच्या, हात टेकला की जंतू तपासणाऱ्या, बाहेरच्या दारावर शिदगोंडा आण्णांनी तिसऱ्यांदा तळवा टेकवला आणि तिसऱ्यांदा दार बोललं, "तुमच्या पोटात कबुतराचे जंतू आहेत. त्यांच्यावर कुठलंच औषध चालत नाही. बाळाजवळ जाऊ नका."

काचेपलीकडून त्यांची लेक राजमती ओरडली, "आण्णा, कबुतरं वाटून टाकली म्हणाला होता न्हवं?"

"वाटली की! सांजच्याला सगळी परत आली. शर्यतीची जात हाय."

"आणि अजून तोंडात पाणी धरून पिलांना चोचीत पाजताय?"

"तहानली तर काय करू? मी बघ, धडधाकट हाय."

"तुम्ही हाय. माझी पोर दोन दिवसांची हाय."

आण्णा येरझाऱ्या घालायला लागले. शर्यतीआधी कबुतरं आजारी पडू नयेत म्हणून दाण्यात जंतुनाशक गोळ्या कुटून वर्षानुवर्षं त्यांनीच चारल्या होत्या. जंतू औषधाला सरावले ते तिथंच.

इतक्यात त्यांची निळी मादी भिरभिरत आली आणि पाळण्यावरच्या उघड्या खिडकीत बसली.

राजमती किंचाळली. आण्णांनी कबुतरांना बोलवायची रोजची शीळ घातली आणि ते दवाखान्याच्या फाटकाकडं पळत सुटले. मादी उडाली, त्यांच्या मागं निघाली.

"आण्णा, नातीचं तोंड तरी बघा!"

"आधी खिडकी लाव!" आण्णा मागं न बघता ओरडले.