दीड तासाचं ऑपरेशन

आठ तास लागतील म्हणून सांगितलेलं ऑपरेशन दीड तासात संपलं, तेव्हा धाकट्या दिराने टाळीच वाजवली. "वहिनी, बघा! उगाच नाही ऑपरेशनच्या त्या रोबोटला एवढं डोक्यावर घेत. आपला डबा उघडायच्या आत काम फत्ते!" मास्तरांची बायकोही हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या जिवात जीव आला.

मास्तर म्हणजे शिंपी. पँट शिवावी तर त्यांनीच. लघवीतून रक्त गेलं, मूत्राशयात कॅन्सर निघाला, तरी ते डगमगले नव्हते. डगमगले ते पिशवीचं ऐकून. मूत्राशय काढायचं, आतड्याचा तुकडा जोडून पोटावर उजवीकडे एक तोंड करायचं, आणि लघवी जन्मभर तिथे चिकटवलेल्या पिशवीत.

"माप घेताना मी गिऱ्हाइकाच्या किती जवळ असतो, ठाऊक आहे?" ते बायकोवर खेकसायचे. "वास आला, पिशवी गळली, तर दुकानात कोण पाऊल ठेवेल? त्यापेक्षा मेलेलं बरं."

डॉक्टर लगेच या म्हणत होते. मास्तरांनी हातातले कपडे पुरे करायचे म्हणून महिना काढला. मग दुसऱ्या डॉक्टरचं मत, मग तिसऱ्याचं. तिने विनवण्या केल्या, अबोला धरला, शेवटी शिलाई मशीनचा पट्टाच काढून लपवला. तेव्हा कुठे मास्तर दवाखान्यात आले, तेही तोंड पाडून.

सर्जन बाहेर आले. दीर हात मिळवायला पुढे झाला. सर्जननी त्याला नुसतं थोपटलं आणि ते तिच्याशेजारी बाकावर बसले.

"बाई, कॅमेरा आत घातला आणि आम्ही थांबलो. रोग मूत्राशयाबाहेर पोटभर पसरलाय. आता काढून उपयोग नाही. काही न काढताच टाके घातले. त्रास कमी व्हायला औषधं देऊ."

"तीन महिन्यांपूर्वी आलो असतो तर?"

सर्जननी हातातली फाइल मिटली. "शुद्धीवर आले की मी सांगतो त्यांना."

"नको," ती म्हणाली. "मी सांगते."

तिला दिराच्या त्या टाळीचा राग आला, मास्तरांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पट्टा पहिल्याच आठवड्यात लपवायला हवा होता.

दुपारी मास्तरांनी डोळे उघडले. सलाइन नसलेला हात पांघरुणाखाली गेला आणि पोटाची उजवी बाजू चाचपू लागला. चार-पाच चिकटपट्ट्या, बाकी पोट सपाट.

"पिशवी नाही?"

"नाही," ती म्हणाली. पुढचं सांगण्याआधीच तिला रडू फुटलं.

मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी तिचा हात धरला.

"रडतेस काय वेडे? सुटलो की! आणि खरं सांगू? लावली असती तरी चाललं असतं गं. काल नर्सने पिशवीसाठी पोटावर शाईची खूण केली ना, तेव्हा पडल्यापडल्या पँट बेतली मी. उजवीकडे आतून एक खण, वर थोड्या सैल चुण्या. बाहेरून कुणाला कळलंही नसतं. अर्ध्या तासाचं तर काम."