रबरी रिंग

पूनमनं हाउसिंग टिपाडातून वर काढलं, कोरडं पुसलं आणि उघडलं. आत ठेवलेला कागदी रुमाल ओला होता.

आत कॅमेरा नव्हता, एवढंच नशीब. कॅमेरा पाण्यात न्यायची ही जाड प्लास्टिकची पेटी ती घरी सहसा बुडवून बघत नसे. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी असल्या कामाला वापरलं की आई ओरडायची. आज नव्या लेन्ससाठी पुढची काच बदलली होती, म्हणून बघितलं. संध्याकाळच्या गाडीनं तिला मंगळूरकडं निघायचं होतं. तिथल्या सर्फिंगच्या स्पर्धेत लाटांत उतरून फोटो काढायला एकाच फोटोग्राफरला घेणार होते, आणि यंदा त्यांनी सोलापूरच्या पूनमला बोलावलं होतं.

"ऋतुराज!"

धाकटा भाऊ मोबाइल बघत मागच्या दारी आला. लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी दोघं मिळून करायचे.

"परवा प्री-वेडिंगला कुटं गेलतास?"

"बार्शी रोडला. फार्महाउसवर."

"तितं स्विमिंग पूल हाय."

"हाय की. मग?"

तिनं ओला रुमाल त्याच्या तोंडासमोर धरला. "मला न विचारता हाउसिंग नेलंस. नवरा-नवरीला पाण्यात उतरवून फोटो काढलेस. वाट लावलीस त्याची, आणि वर गप बसलास."

"देवाशप्पत ताई, हात लावला न्हाय मी."

"खोटं बोलू नको!"

"अगं, मला ते उघडताबी येत न्हाय. आन् एवढं काय त्यात? किनाऱ्यावरनं काढ की. माझी चारशे एमएमची लेन्स घिऊन जा. लांबचं सगळं जवळ दिसतं."

पूनमच्या कानशिलात रक्त चढलं. मोठ्या लेन्सनं फोटोत लाट सपाट दिसते. तसला फोटो किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कुणालाही मिळतो. तिनं छोटी, रुंद दृश्य पकडणारी लेन्स निवडली होती. तिच्यासाठी फळीवरच्या माणसापासून हातभर अंतरावर जावं लागतं, लाट अंगावर कोसळायच्या आत बटण दाबावं लागतं. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाला. फोकस आधीच बांधून चिकटपट्टीनं घट्ट केलेला, कारण लाटेत बटणं शोधायला सवड नसते. सकाळच्या कोवळ्या उजेडात एवढं वेगवान शटर चालायचं तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, किती ठेवायचा, यात तिनं आठवडा घालवला होता. आणि हा विचारतो, एवढं काय त्यात.

तिनं त्याची कॉलर धरली. तो मागं सरकला, टिपाडावर आदळला. पाणी हिंदकळून फरशीभर सांडलं.

स्वयंपाकघराच्या दारात दोघांच्या आई, म्हाळसाबाई, उभ्या होत्या. एरवी तांब्याभर पाणी सांडलं तरी घर डोक्यावर घेणारी बाई. आज त्यांनी सांडलेल्या पाण्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"सोड त्येला," त्या म्हणाल्या. "त्येनं न्हाय. म्या केलंय."

पूनमनं कॉलर सोडली. हाउसिंगच्या कडेची, पाणी अडवणारी रबरी रिंग खाचेतून काढली, बोटांमध्ये ताणत फिरवली. एका जागी रबर उघडलं. बारीक, सरळ छेद.

"इळीवर?"

"व्हय."

"का?"

"मागल्या खेपेला तू मोबाइलवर दावलंस. लाट आली आन् तू दिसंनाशी झालीस. दावताना तू हसत हुतीस. मला न्हाय हसू आलं." म्हाळसाबाईंचा आवाज चढला. "आपल्यात कुनी समुद्र बघितलाय का? सांगून सांगून थकले. ऐकतीस का कुनाचं? तूच म्हनायचीस, ही रिंग गेली की सगळं गेलं. मग म्हनलं, जाऊ दे. डबा भिजला तर पोरगी पाण्यातनं भाईर तरी यील."

"भाईर यील?" पूनमचा आवाज फाटला. "आई, ह्याच्यात हवा असती म्हणून हे तरंगतं. लाटंखाली उलटीपालटी झाले की वर कुटं हाय ते मला ह्याच्यावरनं कळतं. पाणी भरलं की ह्याचा धोंडा होतो. आणि तो धोंडा माझ्या मनगटाला बांधलेला असतो. मनगटाला!"

तिनं मनगट पुढं केलं. पट्ट्याचा जुना वळ तिथं अजून होता.

म्हाळसाबाई त्या वळाकडं बघत राहिल्या. मग उंबऱ्यावर बसल्या. ऋतुराजनं कॉलर नीट केली.

पूनमनं बॅगेतून दुसरी रिंग काढली. पुसली, बोटानं ग्रीस लावलं, खाचेत बसवली. आत कोरा रुमाल ठेवला. खटका दोनदा निसटला. तिसऱ्यांदा पेटी बंद झाली.

"मी जाणार हाय," ती म्हणाली. "हिकडं ये."

म्हाळसाबाई उठल्या.

"घाल पाण्यात. तूच बघ."

त्यांनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी पेटी टिपाडात दाबली. बांगड्या बुडाल्या, बाह्या भिजल्या. पेटी हातांखालून निसटून वर आली.

"वर यायला बघतीया गं."

"बघू दे. दाब."

"किती येळ?"

"मी सांगीपतूर."

म्हाळसाबाईंनी टिपाडावर वाकून सगळा भार दिला. पाण्यातून एकही बुडबुडा आला नाही. पेटी पुन्हा पुन्हा वर यायला बघत होती, आणि दर वेळी त्यांचे हात आपोआप सैल पडत होते.